खानदेशच्या गाडीचा फोटो कुठून काढावा?

सुरतमधल्या लिंबायत, डिंडोली, उधना या वस्त्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची असंख्य कुटुंबे कापडधंद्याच्या आधाराने स्थिरावली आहेत. त्यांना गावाशी जोडणारा लोहमार्ग उधन्याला मुंबईच्या मुख्य मार्गापासून फुटतो आणि पूर्वेकडे जळगाव गाठतो. गाड्यांचे फोटो काढण्याचा छंद असलेली इथली मुले मात्र बहुधा ‘वंदे भारत’साठी मुख्य मार्गाकडेच धाव घेतात. तिथे वेग आहे, पण 2022 मध्ये गुरे गाडीला धडकण्याचे प्रकार घडल्यावर त्या मार्गाच्या कडेने लोखंडी कुंपण घातले गेले आणि फोटोत आधी तेच येते. मोकळे रान हवे असेल तर जळगावची वाट धरावी.

ही वाट जुनी आहे. सुरत ते अमळनेर हा ब्रॉडगेज मार्ग तापी व्हॅली रेल्वे या खासगी कंपनीने बांधला आणि 1900 च्या सुमारास तो पूर्ण झाला. पुढे तो पश्चिम रेल्वेत आला. उधना–जळगाव हे अंतर 306 किलोमीटर. कित्येक दशके एकेरी असलेल्या या मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण 2018 मध्ये पूर्ण झाले. ताप्ती गंगा, नवजीवन, हावड्याची एक्स्प्रेस आणि भुसावळकडच्या पॅसेंजर गाड्यांबरोबर मालगाड्यांचीही इथे सतत ये-जा असते. उकाईच्या औष्णिक वीज केंद्राचा कोळसाही याच मार्गाने येतो.

चलथाण ते बारडोली हा पट्टा उसाचा. दिवाळीत ऊस पुरुषभर उंच असतो, त्यामुळे शेताच्या बांधावरून डब्यांची छपरे तेवढी दिसतात. डिसेंबरनंतर, डांग-नंदुरबारकडच्या तोडणी मजुरांचे कोयते चालले की शिवार उघडे पडते आणि अख्खी गाडी चौकटीत मावते. व्यारा सोडल्यावर जमीन उंचसखल होते आणि सोनगढच्या पुढे सागाची झाडी लागते. पावसाळ्यात हिरव्या डोंगरापुढून जाणारी गाडी पाहायची ती इथेच. नवापूरच्या फलाटावरून तर राज्यांची सीमाच जाते. तिथल्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे.

जागा ठरवताना आधी सूर्य पाहावा. मार्ग साधारण पूर्व–पश्चिम असल्याने हिवाळ्यात दक्षिणेच्या बाजूला उभे राहिले की इंजिनाच्या कुशीवर ऊन पडते. सकाळी जळगावकडे निघालेल्या गाडीचे तोंड उजळलेले असते, तर संध्याकाळी सुरतकडे येणाऱ्या गाडीचे. ताशी 110 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे तीन सेंटीमीटर सरकते, म्हणून शटर त्याहून मंद ठेवू नये. मोबाइलचा कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपत असल्याने अगदी जवळून जाणारे डबे तिरके झालेले दिसतात. थोडे लांब, वळणाच्या आतल्या अंगाला उभे राहिल्यास हा दोष कमी जाणवतो आणि डब्यांची रांगही नीट दिसते.

छंदाला शिस्त हवी. विनापरवाना रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वरच्या तारेत 25,000 व्होल्टचा दाब असतो. तिला स्पर्श न करताही, केवळ जवळ गेल्यानेही शॉक बसू शकतो, म्हणून सेल्फी स्टिक किंवा लांब काठी वर करू नये. दुसऱ्याच्या शेतात उभे राहायचे तर शेतकऱ्याला आधी विचारावे. सार्वजनिक रस्ता आणि उड्डाणपुलाचा पदपथ या त्यातल्या त्यात बिनधोक जागा आहेत. फलाटावर पिवळ्या रेषेच्या आतच राहावे.

आणि एक विनंती. फोटो काढला की तारीख, जागा, गाडीचे नाव आणि इंजिनाचा क्रमांक लगेच लिहून ठेवा. विद्युतीकरणाआधी या मार्गावर डिझेल इंजिने गाड्या ओढत होती आणि तेव्हा त्यांचे कुणाला अप्रूप नव्हते. घरात कुणी त्या काळच्या भुसावळ पॅसेंजरचा फोटो जपला असेल, तर त्याच्या मागेही आठवेल तेवढे आजच लिहा. नोंद नसलेला फोटो नुसती शोभा होतो, नोंद असलेला फोटो या मार्गाच्या इतिहासाच्या कामी येतो.