खरे छत, खोटे छत

वेरूळचे दहावे लेणे ‘सुतार झोपडी’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या कमानदार छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत. पण भार त्या पेलत नाहीत; तो डोंगरच पेलतो!

आजचे फॉल्स सीलिंगही असेच भार न पेलणारे. स्लॅबपासून लोंबणाऱ्या तारांवर त्याची हलकी चौकट टांगतात. प्रत्येक उभ्या तारेतील ताण म्हणजे तिच्या वाट्याला आलेले वजन. म्हणून संगणकावर आराखडा करताना स्लॅब आणि हे छत वेगवेगळे दाखवतात व छताची जमिनीपासूनची उंची देतात. मधल्या पोकळीत नळ, वायरी मावतील का, हे बांधकामाआधीच कळते.

पंख्याचा हूक मात्र स्लॅबलाच हवा. हलक्या चौकटीला टांगलेला पंखा डोक्यावर कोसळू शकतो. मित्रांनो, तुमच्या वर्गातला पंखा कशाला टांगला आहे?