पुडिंगमधला गर्व

वाद सुरू झाला तो पुडिंगवरून. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या पंडिता रमाबाई मांस-मासे तर खात नव्हत्याच, पण अंडं घातलेलं पुडिंगही त्यांना चालत नव्हतं. बाप्तिस्मा घेतला, येशूला तारणारा मानलं, मग हे सोवळं कशाला, असा सिस्टर जेराल्डाइन यांचा सवाल होता. त्यांच्या लेखी हा जातीचा ताठा होता, ख्रिस्ती माणसाला न शोभणारा गर्व. रमाबाईंनी पत्रातून दिलेलं उत्तर आजही वाचताना हसू येतं. जातीचे सगळे संस्कार सुटलेले नाहीत, हे त्यांनी मान्य केलं. माझा गर्व तुम्हाला पुडिंगात आणि दूध-लोण्यात शोधायचा असेल तर खुशाल शोधा, असंही सांगितलं. आणि मग विचारलं: एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि तिनं आपलं खाणंपिणं बदललं नाही, तर तिला तुम्ही गर्विष्ठ म्हणाल का?

रमाबाईंनी धर्मांतर केलं आणि पुण्यात गहजब उडाला, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्या १८८३ साली वाँटेज इथल्या सेंट मेरी मठाच्या सिस्टरांकडे (जेराल्डाइन त्यांतल्याच एक) गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला दोन वर्षांच्या लेकीसह, मनोरमेसह, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपलं कुतूहल साधारण इथंच संपतं. नव्या धर्मात पाऊल ठेवताच त्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांशी पत्रांतून जो दीर्घ वाद घातला, तो मात्र आपल्याकडे फारसा कुणी वाचत नाही. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाकडे स्त्रीच्या नजरेनं पाहणारा विचार पश्चिमेच्या विद्यापीठांत रुजला तो १९६० नंतर. त्यातले बरेचसे प्रश्न या पत्रांत पाऊणशे वर्षं आधी, तेही फर्ड्या इंग्रजीत, विचारून झालेले आहेत.

त्यातला पहिला प्रश्न अधिकाराचा. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात रमाबाई शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तरुण पुरुषांनाही त्यांनी शिकवावं अशी कल्पना निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी मोडता घातला. असं केल्यास मायदेशी हिची पत जाईल, असं त्यांचं म्हणणं. ज्या बाईनं हिंदुस्थानभर पुरुषांनी भरलेल्या सभांत पुराणं सांगितली, कोलकात्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवली, तिला तिच्या देशाची रीत सांगायला हे निघाले होते! आपल्या आईनं किंवा आपण पुरुषांना शिकवण्याला ना वडिलांनी हरकत घेतली ना नवऱ्यानं, आणि इंग्रज लोक मात्र घेताहेत, याचं रमाबाईंना नवल वाटलं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून सनातन्यांचा रोष पत्करला होता. त्यांच्या लेकीला बिशपची परवानगी मागायची सवय नव्हती.

दुसरा प्रश्न श्रद्धेचा. अथनेशियन मतांगीकारातला त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, सिद्धांत त्यांना बायबलात सापडेना, म्हणून तो मान्य करायला त्या तयार नव्हत्या. चर्च सांगतं म्हणून माना, हे उत्तर त्यांना पुरेना. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मोठ्या मुश्किलीनं मानेवरून उतरवलं, आता धर्मगुरूंचा शब्द तो देवाचा शब्द म्हणत दुसरं जू चढवून घेणार नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, असाही हट्ट धरला. माझ्या देशातल्या माणसांना परकी असणारी भाषा अधिक पवित्र कशी?

यावर जेराल्डाइन यांचं निदान फिरून एकच: गर्व. शिकवायचं म्हटलं तर गर्व, शंका काढली तर गर्व, जेवणात निवड केली तरी गर्व. बिशपांच्या वतीनं हे बजावणारी व्यक्ती बाईच होती, हे विसरता येत नाही. जेराल्डाइन रमाबाईंच्या धर्ममाता. पत्रांतून रमाबाई त्यांना चक्क ‘आजीबाई’ म्हणत. त्या दुष्ट नव्हत्या. आज्ञापालनाचं व्रत त्यांनी स्वतः घेतलं होतं आणि व्हिक्टोरियन काळात लग्नाला नकार देऊन काम करू पाहणाऱ्या बाईला मठ ही एक मोकळी जागाही होती. आपल्याला जे मानवलं ते हिला का मानवू नये, हे त्यांना उमगलं नाही. आणि ही सगळी पत्रं जपली, त्यांना टिपा जोडल्या त्या जेराल्डाइन यांनीच. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ साली ती अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केली. वाचकाची सहानुभूती मात्र भलतीकडेच जाते!

आता १९६० सालात येऊ. व्हॅलेरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासक बाईंनी त्या वर्षी एक निबंध लिहिला. त्या काळचे मोठे ईश्वरविज्ञ, उदाहरणार्थ राइनहोल्ड नीबुर, माणसाच्या पापाचं मूळ गर्वात आणि स्वतःला पुढे करण्यात पाहत; त्यावरचा उतारा म्हणजे स्वतःला विसरून केलेलं प्रेम. सेव्हिंग म्हणाल्या, हा अनुभव मुख्यतः पुरुषांचा आहे. ज्या बाईला जन्मभर दुसऱ्यांसाठी झिजायला शिकवलंय, तिचा धोका उलटा: स्वतःचं काही उरूच न देणं. तिला ‘अहंकार सोड’ असा उपदेश करणं म्हणजे रोग्याला रोगच औषध म्हणून पाजणं. हा निबंध स्त्रीवादी ईश्वरविज्ञानाचा आरंभ मानला जातो. तो हाताशी धरून वाँटेजची पत्रं वाचली की जेराल्डाइन यांच्या प्रत्येक ‘गर्वा’चा अर्थ पालटतो.

पुडिंगचं प्रकरण मात्र मी सरसकट रमाबाईंच्या पदरात टाकणार नाही. काय खायचं, कुणाच्या हातचं खायचं, हे आपल्याकडे कधीच निव्वळ आवडीचं नव्हतं. जातीची उतरंड ताटातच उभी राहते. दलित ख्रिस्ती बायकांच्या बाजूनं पाहिलं तर जेराल्डाइन यांच्या टोमण्यात तथ्य होतं. फक्त तो टोमणा मारणाऱ्याला स्वतःच्या ताटातलं साम्राज्य दिसत नव्हतं.

धर्मग्रंथ वाचायचा कुणी, हा झगडा रमाबाईंच्या काळात अमेरिकेतही पेटत होता. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी, १८९५ मध्ये, ‘द वुमन्स बायबल’चा पहिला भाग काढला. दुसरा १८९८ मध्ये आला. बायबलातली बायकांविषयीची वचनं पुढ्यात घेऊन त्यांवर रोखठोक भाष्य असं त्याचं रूप. मताधिकाराची चळवळ इतकी बिचकली की स्टँटन ज्या संघटनेच्या पूर्वी अध्यक्ष होत्या, तिनंच १८९६ मध्ये या पुस्तकाशी आपला संबंध नसल्याचा ठराव केला. पुढे, विसाव्या शतकात, स्त्रीवादी ईश्वरविज्ञानाला वाटा फुटल्या. मेरी डेली ख्रिस्ती धर्मातून बाहेरच पडल्या. देव पुरुष असेल तर पुरुषच देव होतो, असा त्यांच्या मांडणीचा रोख. एलिझाबेथ श्यूस्लर फिओरेंझा आत राहून इतिहास उकरत राहिल्या. मार्कच्या शुभवर्तमानात एक बाई येशूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतते; जगभर हिची आठवण सांगितली जाईल, असं येशू म्हणतो. विश्वासघात करणाऱ्या यहूदाचं नाव साऱ्यांना पाठ आहे, त्या बाईचं नाव मार्कनं लिहूनच ठेवलेलं नाही. फिओरेंझांचं १९८३ चं पुस्तक या विसरण्यापासूनच सुरू होतं.

रमाबाई आतच राहिल्या, आणि का राहिल्या ते त्यांनी सांगून ठेवलंय. बाप्तिस्म्याआधी सिस्टरांनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅम इथल्या आश्रमात नेलं होतं. समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना तिथं मायेनं वागवलं जात होतं. हे कशामुळे, असं विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्री वाचून दाखवली गेली. भर दुपारी विहिरीवर आलेली, पाच नवरे होऊन गेलेली, यहुद्यांना विटाळ वाटणाऱ्या जमातीतली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागून थेट उपासनेवर चर्चा करणारा येशू. तो बाईशी बोलतोय याचंच शिष्यांना आश्चर्य वाटतं. प्रवचनकारांनी आणि पाळकांनी तिला शतकानुशतकं पापिणी म्हणून रंगवलं. पण त्या गोष्टीत येशू तिला क्षमा करत नाही, कारण तिनं पाप केल्याचं तो म्हणतच नाही. ती घागर तिथंच टाकून गावात जाते आणि गाव तिच्या शब्दावर विश्वास ठेवतं. शास्त्रांतून स्त्रीविषयी काय काय वाचावं लागतं हे ठाऊक असलेल्या तरुण विधवेला ही गोष्ट त्रैक्याच्या सिद्धांताहून जवळची वाटली, यात नवल नाही.

नंतरच्या रमाबाई आजच्या स्त्रीवाद्यांना अवघड जातात. १९०५ साली त्यांनीच काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पुनरुज्जीवनाची लाट आली, रात्रंदिवस प्रार्थना चालल्या. अँग्लिकन बिशपांना न जुमानणाऱ्या बाई बायबलच्या शब्दापुढे मात्र संपूर्ण वाकल्या. याला काहीजण माघार म्हणतात. मला तसं वाटत नाही. मध्यस्थ नको, हा त्यांचा आग्रह पहिल्यापासून होता आणि अखेरपर्यंत टिकला. त्यासाठीच उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. जुनी भाषांतरं संस्कृतप्रचुर, ती खेड्यातल्या बाईला कळणार कशी, ही तक्रार. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायका-मुलींनी केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. १९२४ मध्ये ते ग्रंथरूपात आलं.

इंग्लंडच्या चर्चनं पुढं आपल्या स्मरणदिनांच्या यादीत ३० एप्रिल ही तारीख त्यांना दिली, धर्मग्रंथाच्या भाषांतरकार म्हणून. त्याच चर्चमध्ये बायकांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळायला १९९४ उजाडलं आणि पहिली स्त्री बिशप व्हायला २०१५. भारतात चर्च ऑफ साउथ इंडियानं पुष्पा ललिता यांना बिशप केलं ते २०१३ मध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दोन वर्षं आधी. मायदेशी पत जाईल म्हणून रमाबाईंना अडवणाऱ्या बिशपांच्या कानावर हे घालायला हवं होतं.