सांडलेला रंग

संगणकावर ‘पेंट’ उघडून मुलं आपली आपण चित्रं काढू लागली, की एक घोटाळा हमखास होतो. आंब्यात रंगाची बादली ओतावी, तर सगळा पडदाच पिवळा! रेघेत कुठेतरी फट राहिलेली असते. ती चटकन दाखवून द्यायचा मोह आपण शिक्षकांनी आवरलेला बरा. केलेलं रद्द करण्याची सोय तिथं असते, त्यामुळे मूल न कंटाळता पुन्हा पुन्हा शोधतं.

संगणकाला आंबा कळत नाही. त्याच्या लेखी चित्र म्हणजे बारीक चौकटींची जाळी. आपण टिचकी मारू ती चौकट तो रंगवतो आणि तिच्या चार बाजूंच्या चौकटी तपासतो. एखादीचा रंग पहिल्या चौकटीच्या मूळ रंगासारखाच असेल तर तीही रंगवतो, मग तिच्या शेजारच्या तपासतो. एका चौकटीची फटही त्याला बाहेर पडायला पुरते.

मग तिरक्या रेघेतून रंग का गळत नाही? चित्र मोठं करून पाहिलं तर तिच्या चौकटी नुसत्या कोपऱ्यांना टेकलेल्या दिसतात! हे चौकटींच्या वहीत पेन्सिलीनं करून पाहू. फक्त चार बाजू तपासल्या तर तिरकी रेघ भिंतीसारखी अडवते. कोपरेही तपासले की गळते.

वही ही संगणक नसल्याची तडजोड नव्हे बरं का. १९८४ च्या मॅकिन्टॉश संगणकाची चिन्हं काढणाऱ्या सुसान केअर यांना संगणकावर चित्रं काढण्याचा अनुभव नव्हता. त्यांनी सुरुवात केली ती अशाच वहीत, ३२ गुणिले ३२ चौकटी भरत.