बाप्तिस्मा आणि तारण : जुन्या कागदांच्या वाचकांसाठीं एक विवरण

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांस ख्रिस्ती समाजाचीं दप्तरें हाताळण्याचा प्रसंग अनेकदां येतो. गोमंतकांतील चर्चच्या नोंदवह्या, पाद्री लोकांचीं पत्रें, ख्रिस्तपुराणाच्या पोथ्या, एकोणिसाव्या शतकांतील मिशनांचे अहवाल, या सर्वांत 'बाप्तिस्मा' हा शब्द वारंवार भेटतो. आपल्याकडील वाचक त्याचा अर्थ बहुधा 'धर्मांतर' असा करून पुढें जातात. हा अर्थ अपुरा आहे, आणि त्यामुळें त्या कागदांवरून काढलेलीं अनुमानेंही चुकतात. पाण्याच्या या संस्कारावांचून मनुष्याचें तारण होतें कीं नाहीं, हा ख्रिस्ती धर्मांतील फार जुना वाद आहे. त्या वादांतील निरनिराळ्या मतांच्या खुणा कागदांवर उमटलेल्या आहेत. त्या कशा ओळखाव्या, एवढेंच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाण्यांत बुडविणें असा आहे. यार्देन नदीच्या कांठीं योहान पश्चात्तापाचें चिन्ह म्हणून लोकांस बाप्तिस्मा देत असे, आणि येशूनेंही तो त्याच्या हातून घेतला. संस्काराचा उगम हा असला, तरी तारणाशीं त्याचा संबंध काय, याविषयीं नव्या करारांतच दोन प्रकारचीं वचनें आढळतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ३ ऱ्या अध्यायांत येशू निकदेमास पाणी व आत्मा यांपासून जन्म घेतल्यावांचून देवाच्या राज्यांत प्रवेश नाहीं, असें बजावतो. उलट लूकाच्या २३ व्या अध्यायांत वधस्तंभावरील चोरास कोणताही बाप्तिस्मा झालेला नसतां त्याच दिवशीं सुखलोकाचें वचन मिळतें. प्रेषितांच्या कृत्यांच्या १० व्या अध्यायांत कर्नेल्य नांवाच्या रोमी शतपतीच्या घरीं आत्मा आधीं उतरतो आणि पाणी मागाहून येतें. पाणी आवश्यक म्हणणाऱ्यांस व अनावश्यक म्हणणाऱ्यांस, दोघांसही आधार मिळाला तो असा.

प्राचीन विधि कसा होता, हें सांगणारा एक ग्रंथ ज्या रीतीनें सांपडला, ती हकीकत संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. इ. स. १८७३ त फिलोथेओस ब्रिएन्निओस या ग्रीक धर्माधिकाऱ्यास कॉन्स्टान्टिनोपल येथील एका मठाच्या ग्रंथसंग्रहांत इ. स. १०५६ त लिहिलेली एक चर्मपत्रांची पोथी मिळाली. १८७५ त त्यानें तींतील क्लेमेंटचीं पत्रें छापलीं. परंतु त्याच पोथींतील 'दिदाखे', म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण, हा छोटा ग्रंथ १८८३ त प्रसिद्ध झाला. पोथी हातीं आल्यापासून तो जगापुढें येण्यास दहा वर्षें लागलीं. त्याच्या ७ व्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, बाप्तिस्मा वाहत्या पाण्यांत द्यावा. तें नसेल तर दुसऱ्या पाण्यांत द्यावा. थंड न चालेल तर ऊन घ्यावें. आणि दोन्ही नसतील तर मस्तकावर तीन वेळां पाणी ओतावें. बुडविणें खरें कीं शिंपडणें खरें, हा पुढील शतकांत इतका पेटलेला वाद या जुन्या ग्रंथांत मुळींच नाहीं. पाणी हवें, पण त्याचा प्रकार सोईप्रमाणें, अशी त्याची दृष्टि दिसते.

इ. स. २०० च्या सुमारास कार्थेज येथील तेर्तुल्यानानें बाप्तिस्म्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या विषयावरील उपलब्ध ग्रंथांत तो सर्वांत जुना होय. श्रद्धेवरच जर अब्राहाम देवास मान्य झाला तर पाणी कशास, असा आक्षेप त्याच्या काळीं घेतला जात होता, आणि त्याचें खंडन हा त्याचा एक हेतु होता. मात्र तोच तेर्तुल्यान लहान मुलांच्या बाबतींत घाई करूं नये असें म्हणतो. कारण बाप्तिस्म्यानें मागील सर्व पापें धुतलीं जातात अशी समजूत असल्यानें, पुढें होणाऱ्या पापांचें काय, ही भीति होती. याच भीतीनें पुष्कळ लोक संस्कार लांबणीवर टाकीत. सम्राट् कॉन्स्टन्टाइन यानें तो घेतला तो ३३७ सालीं, मृत्यु जवळ आल्यावर. तेव्हां त्या काळांतील एखाद्या पुरुषाचा बाप्तिस्मा उशिरा झाला म्हणून त्याची श्रद्धा उशिरा जागी झाली, असें अनुमान काढणें धोक्याचें आहे.

पुढें दोन प्रश्न निघाले, आणि त्यांचीं उत्तरें नोंदवह्या वाचणाऱ्यास फार उपयोगीं आहेत. पहिला असा कीं, पाखंडी मनुष्यानें दिलेला बाप्तिस्मा खरा मानावा काय? २५५-२५६ च्या सुमारास कार्थेजचा सिप्रियन नाहीं म्हणाला; रोमचा बिशप स्तेफान होय म्हणाला. शेवटीं रोमचें मत टिकलें, आणि पुढें ऑगस्तीननें संस्काराचें बळ देणाऱ्याच्या पुण्याईवर अवलंबून नसतें, असा सिद्धांत मांडला. त्याचें फळ असें झालें कीं, बाप्तिस्मा एकदांच होतो, दुसऱ्यांदा देतां येत नाहीं. पूर्वी झाला कीं नाहीं याचा संशय असेल तर 'झाला नसल्यास' अशी अट घालून देतात. नोंदवहींत असा सशर्त बाप्तिस्मा आढळल्यास त्याचा अर्थ हा समजावा. तसेंच प्राणसंकटीं सुईण किंवा दुसरें कोणीही तो देऊं शकतें. १४३९ च्या फ्लॉरेन्सच्या धर्मसभेनें तर संस्काराचा विधि व हेतु सांभाळल्यास अख्रिस्ती मनुष्यासही ही मुभा दिली.

दुसरा प्रश्न, इच्छा असून पाणी न मिळालेल्याचें काय? सम्राट् दुसरा व्हॅलेन्टिनियन ३९२ सालीं बाप्तिस्म्यासाठीं मिलानच्या अँब्रोझची वाट पाहत असतांच मरण पावला. त्याच्या अंत्यप्रसंगींच्या भाषणांत अँब्रोझनें, त्यानें मागितलें म्हणून त्यास तें मिळालें, अशा आशयाचें सांत्वन केलें. इच्छेचा बाप्तिस्मा आणि हुतात्म्याचा रक्ताचा बाप्तिस्मा या कल्पना चर्चनें मान्य केल्या. त्रेंतच्या धर्मसभेनें १५४७ च्या मार्चांत बाप्तिस्मा तारणास आवश्यक असें ठरविलें. परंतु त्याच वर्षीं जानेवारींत काढलेल्या आपल्या निर्णयांत 'किंवा त्याची इच्छा' या अर्थाचे शब्दही घातले होते. आज्ञा पाण्याची आहे, पण देव पाण्यानें बांधलेला नाहीं, हीं दोन्ही विधानें एकत्र धरूनच रोमन मत समजून घेतलें पाहिजे.

बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहींत कां झाली, याचेंही एक कारण या धर्मसभेंत आहे. धर्ममातापित्यांशीं बालकाचें आध्यात्मिक नातें जडतें आणि त्या नात्यांत विवाह निषिद्ध होतो. म्हणून १५६३ त पाळकांनीं धर्ममातापित्यांचीं नांवें पुस्तकांत लिहून ठेवावीं असा नियम झाला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें नोंदीचे नमुनेही घालून दिले. गोमंतकांतील एखाद्या वहींत धर्मपित्याचें नांव पाहतांना तें केवळ साक्षीदाराचें नांव नव्हे, तें नात्याचें नांव आहे, हें ध्यानीं धरावें. नव्या ख्रिस्त्याचें पोर्तुगीज आडनांव अनेकदां या धर्मपित्याचेंच असे, हेंही येथेंच उलगडतें.

गोमंतकांत हा सिद्धांत राजसत्तेच्या हातीं पडल्यावर काय झालें, तें सांगितल्यावांचून हें विवरण पुरें होणार नाहीं. १५५९ त पोर्तुगालच्या राजाच्या नांवें निघालेल्या आज्ञेनें हिंदूंचीं अनाथ मुलें ताब्यांत घेऊन त्यांस बाप्तिस्मा देण्याची मोकळीक मिळाली. आईबापांच्या इच्छेविरुद्ध मुलांस बाप्तिस्मा देऊं नये, असें थॉमस अक्वायनस यानें तेराव्या शतकांतच लिहून ठेविलें होतें. आज्ञा अनाथांपुरती कां होती, याचें उत्तर आमच्या मतें या निषेधांत आहे. पाण्यावांचून मुलाचा नाश होईल ही खरी भीति आणि राज्य वाढविण्याचा लोभ, हीं दोन्ही त्या कागदांत एकमेकांत मिसळलेलीं आहेत. वाचकानें एकाच्या भरांत दुसरें विसरूं नये. पाणी आधीं आणि ज्ञान मागाहून, अशा स्थितींत असलेल्या समाजासाठीं थॉमस स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण १६१६ त राशोल येथें छापलें गेलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या सुमारें अकरा हजार ओव्यांचा प्रपंच कशासाठीं, तें कळतें.

युरोपांत सुधारणेच्या काळीं हा वाद उलट बाजूनें उठला. १५२५ च्या जानेवारींत झूरिच येथें कांहीं मंडळींनीं बालपणींचा बाप्तिस्मा निरर्थक ठरवून, श्रद्धा पटल्यावर तो पुन्हां घेतला. त्यांपैकीं फेलिक्स मान्झ यास ५ जानेवारी १५२७ रोजीं लिम्मात नदींत बुडवून मारण्यांत आलें. पुढें इंग्लंडांतील बॅप्टिस्ट पंथानेंही श्रद्धावंतासच, आणि बुडवूनच, हें मत धरलें. श्रीरामपूरचा विल्यम केरी याच पंथाचा, आणि मराठी नवा करार १८११ त बाहेर पडला तो त्याच्याच छापखान्यांतून. बंगाली भाषांतरांत ग्रीक शब्दासाठीं 'बुडविणें' या अर्थाचा शब्द घालण्याचा बॅप्टिस्टांचा आग्रह होता, आणि त्यावरून बायबल सोसायटीनें त्यांस मदत नाकारली. प्रचलित मराठी बायबलांत 'बाप्तिस्मा' हा परका शब्द तसाच ठेवलेला आहे. त्यामुळें दोन्ही पक्षांस तो वाचतां येतो. वसईकडील कॅथोलिक मराठींत मात्र 'स्नानसंस्कार' हा शब्द रूढ आहे. कोणत्या कागदांत कोणता शब्द आला, यावरून लेखकाचा पंथ बहुधा ओळखतां येतो.

महाराष्ट्रांतील दोन चरित्रें हा प्रश्न जिवंत करून दाखवितात. पंडिता रमाबाईंनीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला धर्म तेव्हां मिळाला आणि ख्रिस्त कांहीं वर्षांनंतर भेटला, अशा आशयाची साक्ष त्यांनीं पुढें लिहून ठेविली. नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायीं घर दुरावलें, आणि पत्नी लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांजपासून दूर राहिल्या. एवढी किंमत दिलेल्या त्याच टिळकांनीं १९१७ त 'देवाचा दरबार' स्थापन केला, तेव्हां बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांस त्यांत जागा ठेविली. रमाबाईंच्या आयुष्यांत पाणी आधीं आलें. टिळकांनीं पाण्याची किंमत पुरती भरली, आणि तरीही पाणी न घेतलेल्यास दाराबाहेर ठेविलें नाहीं.

यावरून कागद वाचणारानें एवढें घ्यावें. बाप्तिस्म्याची नोंद एका दिवशीं एका मनुष्यावर पाणी पडलें याचा पुरावा आहे. त्याची श्रद्धा केव्हां जन्मली, ती स्वखुषीची होती काय, आणि नोंद न झालेल्यांत ती नव्हती काय, हें ती वही सांगत नाहीं. त्यासाठीं पत्रें, आत्मवृत्तें व पोथ्या शोधाव्या लागतात. खुद्द ख्रिस्ती शास्त्रकारांनींही वहीला याहून अधिक अधिकार दिलेला नाहीं.