कवड्या, नीळ आणि शेंगदाणे : कानो शहराची कहाणी

‘तुला फुटकी कवडीही मिळणार नाही,’ असे आपण रागाच्या भरात सहज म्हणतो. पण याच कवड्या मोजून एका शहराने सहारा वाळवंटापलीकडच्या लोकांना कपडे पुरवले, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या जहाजांनी पश्चिम आफ्रिकेत पोहोचत आणि तिथे चलन म्हणून चालत. त्यांचे ढीग ज्या बाजारात लागत, ते शहर म्हणजे उत्तर नायजेरियातले कानो.

शहराच्या मधोमध दाला नावाची टेकडी आहे. फार पूर्वी तिथे लोखंड गाळणाऱ्यांची वस्ती होती. पुढे भोवती मातीचा भक्कम तट उभा राहिला. 1463 ते 1499 या काळात राज्य करणाऱ्या मुहम्मद रुम्फा या राजाने कुर्मी बाजार वसवला आणि राजवाडा बांधला. त्याच वाड्यात आजही कानोचे अमीर राहतात. उंटांचे तांडे उत्तरेकडून मीठ आणि घोडे आणत, तर दक्षिणेकडून कोला नावाचे कडवट फळ येई. आपल्याकडे पाहुण्यापुढे पानसुपारी ठेवतात, तसा तिथे कोला ठेवतात.

निळ्या रंगाचे वैभव

कानोची खरी श्रीमंती मात्र कापडात होती. कोफार माता भागातले रंगाऱ्यांचे खड्डे 1498 पासूनचे मानले जातात. या खोल खड्ड्यांत पाणी, राख आणि नीळ घालून ते मिश्रण कित्येक दिवस आंबवतात. मग त्यात कापड पुन्हा पुन्हा बुडवायचे. जितक्या वेळा बुडवाल, तितका रंग गडद. शेवटी लाकडी मोगरीने कापड इतके कुटतात, की त्याला चकाकी येते.

1851 मध्ये हाइनरिश बार्थ हा जर्मन प्रवासी इथे आला. कानोतून दरवर्षी किमान 30 कोटी कवड्यांचे कापड बाहेर जाते, असा अंदाज त्याने मांडला. एक कुटुंब वर्षभर सुखाने राहायला 50 ते 60 हजार कवड्या पुरत, असेही त्याने नोंदवले. हिशेब करून पाहा. केवळ कापडावर पाच-सहा हजार कुटुंबांचे वर्ष निघत होते!

या वैभवाची दुसरी बाजूही विसरू नका. 1804 मध्ये उस्मान दान फोदियो यांनी धर्मयुद्ध पुकारले, 1807 च्या सुमारास कानो त्यांच्या अनुयायांच्या हाती आले आणि सोकोटोच्या खिलाफतीखाली अमिरांची राजवट सुरू झाली. व्यापार वाढला, पण शहराभोवतालच्या शेतांवर राबणाऱ्यांत गुलाम फार मोठ्या संख्येने होते.

रेल्वे आली, पीक बदलले

फेब्रुवारी 1903 मध्ये इंग्रजांनी कानो जिंकले. ही मोहीम चालवणाऱ्या फ्रेडरिक लुगार्डचा जन्म आपल्या मद्रासचा. इंग्रजांनी भारतात संस्थानिकांना ठेवले, तसेच इथे अमिरांना गादीवर ठेवून कारभार केला. ईदला अमिरांची जी घोडेस्वार मिरवणूक निघते, तिला चिकटलेले ‘दरबार’ हे नावही भारतातूनच तिथे गेले.

1912 च्या सुमारास लागोसहून रेल्वे सुरू झाली. विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेल, अशी इंग्रजांची अपेक्षा होती. पण शेतकऱ्यांनी स्वतःचा हिशेब केला आणि भुईमूग पेरला. त्याला भाव चांगला होता आणि अडीअडचणीला तो घरात खाताही येत होता. पुढे शेंगदाण्यांच्या पोत्यांचे पिरॅमिड रचले जाऊ लागले. एकेका पिरॅमिडात सुमारे 15,000 पोती असत. कोलाच्या व्यापारातून वर आलेले अल्हसन दांताता हे त्यातले मोठे व्यापारी. आफ्रिकेतले सर्वांत श्रीमंत उद्योगपती अलिको डांगोटे हे त्यांचेच पणतू.

1970 च्या दशकात दुष्काळ पडला, पिकावर रोग आला. त्यातच देशाला खनिज तेलाचा पैसा मिळू लागला आणि सरकारचे शेतीकडे दुर्लक्ष झाले. पिरॅमिड नाहीसे झाले.

उंबरठ्याआतला बाजार

या साऱ्या इतिहासात बायका कुठे होत्या? घरातच, पण रिकाम्या हाताने नाही. कापडासाठी लागणारे सूत बायकाच चातीवर कातत. कानोत अनेक विवाहित स्त्रिया पडद्यात राहतात, तरी घरी खाद्यपदार्थ करून विकतात. माल नेणे आणि पैसे आणणे ही कामे मुले, विशेषतः मुली करतात. ती कमाई आईची स्वतःची. मुलीच्या लग्नाची भांडीकुंडी त्यातूनच जमतात.

1976 मध्ये नायजेरियाने सर्वांसाठी प्राथमिक शिक्षणाची योजना आणली, तेव्हा या आयांपुढे पेच उभा राहिला. मुलगी शाळेत गेली, तर टोपली घेऊन कोण जाणार? आणि टोपली दिली, तर तिचे शिक्षण कसे होणार? देशाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर राहिलेले अमीर मुहम्मदू सनुसी दुसरे मुलींच्या शिक्षणाबद्दल उघडपणे बोलत आले आहेत. 2014 मध्ये गादीवर बसलेल्या सनुसींना 2020 मध्ये पदच्युत केले गेले आणि 2024 मध्ये पुन्हा बसवले गेले. त्यावरून गादीचा वाद न्यायालयात गेला.

आज कोफार मातातले बरेच खड्डे बंद आहेत. कानोच्याच बाजारात चीनहून आलेल्या स्वस्त कापडाचे गठ्ठे उतरतात. तरीही काही रंगारी अजून काठी घेऊन नीळ ढवळत असतात.

पैठणी विणणाऱ्या किंवा हातमाग चालवणाऱ्या घरांना हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी ‘कवडीमोल’ म्हणताना जरा थांबा. ज्या कवडीवर एका शहराची चूल पेटत होती, तिला मोल नव्हते कसे म्हणायचे?