डुकरांनी भात लोळवलं म्हणून बंदूक हवीय? परवान्याचा अर्ज आणि पोलिसांची घरभेट नेमकी कशी असते, समजून घ्या

भात कापायला आठ दिवस उरलेले असतात. रात्री डुकरांचा कळप येतो आणि सकाळी बघावं तर अर्धा मळा लोळवलेला. भात वाचलं तर पुढे काजू-आंब्याच्या दिवसात माकडं आहेतच. दोडामार्गच्या बाजूला गवे आणि हत्तीसुद्धा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत अशा एखाद्या सकाळी हमखास एक वाक्य ऐकू येतं, "आता बंदुकीचो परवानोच काढूक व्हयो."

परवाना निघतो का? निघतो. पण अर्ज केला की काही दिवसांनी घरी पोलीस येतात आणि तिथे बऱ्याच जणांची गाडी अडते. पोलीस नेमकं काय बघायला येतात, हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी बंदूक कोणती ते बघू.

शेतकऱ्याला मिळते ती शॉटगन. म्हणजे नळी आतून गुळगुळीत असते, रायफलसारखे पीळ नसतात आणि एका बारात बरेच छर्रे सुटतात. हिचे आपल्याकडे दोन प्रकार. एक ठासणीची, जिच्यात तोंडाकडून दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायचे. दुसरी काडतुसाची, जिला लोक बारा बोअर म्हणतात.

१९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ म्हणतं की खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना द्यायचा. ठासणीची पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर काडतुसाची बंदूकही देता येते. त्यामुळे अर्जात थेट काडतुसाची मागायची असेल, तर ठासणीच्या बंदुकीने का भागणार नाही हे लिहावं लागतं. बहुतेक जण ते लिहीतच नाहीत.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कलम १४ नुसार, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. म्हणजे चार गुंठेवाला आणि चाळीस एकरवाला, दोघांनाही मागायचा हक्क सारखा. फक्त पीक आहे आणि त्याचं नुकसान होतंय, हे दाखवायला हवं.

वयाची अट २१ वर्षं पूर्ण. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर ती संपल्यावरही पाच वर्षं परवाना मिळत नाही. शांतता राखण्याचा बाँड लिहून दिलेला असेल, तर त्या बाँडच्या मुदतीत बंदूक बाळगता येत नाही. गावच्या भांडणात दोन्ही बाजूंकडून असे बाँड सर्रास लिहून घेतात आणि लोक ते विसरूनही जातात. पोलीस ठाण्याच्या रजिस्टरला मात्र ते आठवत असतं.

अर्ज कुठे करायचा?

ग्रामीण भागात परवाना देतात जिल्हाधिकारी, जिल्हादंडाधिकारी या नात्याने. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. अर्जाचा नमुना अ-१. देशातल्या प्रत्येक परवान्याची नोंद एनडीएएल-अलिस या केंद्राच्या पोर्टलवर होते आणि परवानाधारकाला तिथला युनिक नंबर मिळतो. सोबत ओळखीचा, वयाचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं आणि व्यसन नसल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, बंदूक सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र. पीक संरक्षणासाठी मागत असाल तर सातबारा आणि आठ-अ.

कोकणात सातबाऱ्याची स्वतःची एक कथा असते. एका गटावर तीस नावं, त्यातली दहा मुंबईत, पाच हयात नाहीत. अशा सामाईक जमिनीत तुम्ही नेमकी कुठली कसता, हा प्रश्न येणारच. पीकपाहणीला तुमचं नाव लागलेलं असेल तर निम्मं काम झालं.

नुकसानीचाही पुरावा जवळ ठेवा. वनविभागाकडे नुकसानभरपाईसाठी अर्ज केला असेल तर त्याचा पंचनामा हा सगळ्यात भक्कम कागद. "गेली पाच वर्षं डुकरं त्रास देतायत" असं सांगणारे खूप असतात, पण पाच वर्षांत एकदाही पंचनामा का केला नाही, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं.

आता पोलिसांची भेट.

अर्ज आला की परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवायचा, हे कायद्यातच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार पोलिसांना त्यासाठी ३० दिवस आणि अहवाल मिळाल्यापासून अधिकाऱ्याला निर्णयासाठी ६० दिवस. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण पोलिसांचा अहवाल मुदतीत आलाच नाही तर त्याची वाट न बघता निर्णय घ्यायची मुभा कायदा अधिकाऱ्याला देतो. स्मरणपत्र लिहिताना हा मुद्दा घालायला हरकत नाही.

घरी येतात ते बहुतेक वेळा तुमच्या बीटचे हवालदार. तुमचा जबाब घेतात, शेजाऱ्यांना विचारतात, पोलीस पाटलांचं मत घेतात, ठाण्यातलं रेकॉर्ड तपासतात. ही काही पासपोर्टची पडताळणी नाही. पासपोर्टला तुम्ही कोण आणि तुमच्यावर काही केस आहे का, एवढं बघून भागतं. इथे तुमच्या घरात बंदूक ठेवली तर काय होऊ शकतं, याचा अंदाज घेतला जातो.

पहिला प्रश्न, कशासाठी? इथे लोक उगाच वजन आणायला जातात. अर्जात पीक संरक्षण लिहिलेलं असतं आणि जबाबात म्हणतात, "जिवाला धोका पण आहे, भावकीशी वाद चाललाय." झालं! ज्याचा वाद चालू आहे त्याच्या हातात बंदूक द्या, अशी शिफारस कुठला पोलीस अधिकारी करेल? कारण एकच ठेवा आणि खरं ठेवा. पण बांधाचा वाद खरोखर कोर्टात असेल आणि त्यांनी विचारलं, तर लपवू नका. महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेला परवाना कलम १७ खाली रद्द होतो. जुनी केस असली आणि त्यात निर्दोष सुटला असाल, तर निकालाची प्रत पुढे ठेवा. कागद तुम्ही स्वतः दिला तर ती माहिती असते, तोच त्यांना सापडला तर लपवाछपवी ठरते.

दुसरा प्रश्न, बंदूक ठेवणार कुठे? "माळ्यावर" हे उत्तर चालत नाही. "देवघराच्या मागे, तिथे कोण जात नाही" हेही नाही. पोलीस यायच्या आधी जागा ठरलेली हवी. भिंतीला पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट किंवा पेटी, चांगलं कुलूप, काडतुसं किंवा दारू वेगळ्या कुलपात आणि किल्ली परवानाधारकाकडेच. कपाट अजून घेतलेलं नसेल तर कुठे बसवणार ती भिंत दाखवा. मातीच्या भिंतीत खिळा ठोकून बंदूक टांगण्याचे दिवस गेले.

ठासणीच्या बंदुकीची एक जुनी खोड इथे सांगायलाच हवी. काडतूस काढून बंदूक रिकामी करता येते, तशी ठासलेली बंदूक सहज रिकामी होत नाही. म्हणून रात्री बार उडवायची वेळ आली नाही तर लोक ती तशीच भरलेली घरी आणून कोपऱ्यात उभी करतात. सकाळी घरातलं पोर ती उचलतं. किंवा कुणी साफ करायला घेतं आणि ती भरलेली आहे हे त्याला माहीत नसतं. बंदूक भरलेली घरात येणार नाही, हा नियम परवान्याच्या आधी स्वतःशी करून टाका. जबाबात तुम्ही आपणहून हे बोललात, तर समोरच्यालाही कळतं की माणसाने विचार केलाय.

तिसरा प्रश्न घरातल्या माणसांचा. लहान मुलं किती, घरात कुणी जास्त पितं का, कुणाच्या मनाची स्थिती बरी नाही का, नवरा-बायकोच्या भांडणाची तक्रार कधी झालीये का. लोकांना हे प्रश्न खासगी वाटतात आणि राग येतो. पण डुकरासाठी आणलेली बंदूक वर्षातले बाकीचे दिवस घरातच असते. घरात कुणी निराशेतून जात असेल तर परवान्याचा अर्ज आत्ता करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. भात पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. आणि बायकोला, आईला आधी विचारा. पोलीस त्यांनाही विचारू शकतात आणि "मला नको हो घरात ते" हे वाक्य हवालदारासमोर पहिल्यांदा ऐकण्यात काही अर्थ नाही.

चाकरमान्यांसाठी एक वेगळा पेच आहे. परवाना गावच्या शेतीसाठी, राहणं मुंबईत, घराला वर्षातले दहा महिने कुलूप. मग बंदूक कुणाकडे? "चुलतभाऊ बघतो" हे उत्तर तुम्हाला अडचणीत आणेल, कारण परवाना ज्याच्या नावावर नाही त्याने ती बंदूक घेऊन रानात जाणं हा गुन्हा आहे. शेत खरोखर चुलतभाऊच राखत असेल तर अर्ज त्यानेच केलेला बरा.

भेटीच्या दिवशी घर सजवायची गरज नाही. कागदांची एक फाईल, मूळ प्रती आणि झेरॉक्स वेगळ्या. जबाब लिहून झाला की तो वाचल्याशिवाय सही करू नका. आणि हो, पडताळणीसाठी हवालदाराला द्यायची कुठलीही फी नसते. मागणी झालीच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर आहे.

नकार आला तर? कारणं लेखी नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तुम्ही मागितलीत की ती थोडक्यात द्यावी लागतात, सार्वजनिक हिताच्या आड येत असतील तेवढीच राखून ठेवता येतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयावर अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे कोकणवाल्यांसाठी बेलापूरचं कोकण भवन. मुदत छोटी असते, त्यामुळे नकाराचं पत्र खिशात घेऊन गणपती होईपर्यंत थांबू नका.

परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायची परवानगी मिळाली का?

नाही! इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. शस्त्र परवाना गृहखात्याच्या कायद्याचा आणि जनावर वन्यजीव संरक्षण कायद्याचं, १९७२ च्या. परवान्यावर तुम्ही बंदूक बाळगू शकता, हवेत बार काढून कळप पिटाळू शकता. पिकाची नासधूस करणारं रानडुक्कर मारायचं तर वनविभागाची वेगळी परवानगी लागते. ती घेऊन मारलं तरी ते जनावर सरकारजमा, मटणाचा वाटा पडत नाही. गवा आणि हत्ती अनुसूची १ मध्ये आहेत, त्यांच्यावर बंदूक रोखायचा विचारही नको. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर कायदा समजून घेतो, पण आपण आधीच शिकारीला निघालो नव्हतो हे तिथे महत्त्वाचं असतं.

लग्नात किंवा वरातीत बार उडवायची हौस असेल तर तीही विसरा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका, ही मर्यादा घातली.

आजोबांच्या बंदुकीचं काय?

कोकणातल्या बऱ्याच घरांत हा विषय असतो. आजोबा गेले, परवाना त्यांच्यासोबत संपला आणि बंदूक माळ्यावर तशीच. "आमची परवान्याची आहे" असं घरचे सांगत राहतात. कायद्याच्या नजरेत ती आता विनापरवाना आहे आणि विनापरवाना बंदुकीला दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. परवानाधारक गेल्यावर बंदूक उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची आणि मग वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. वारसाच्या अर्जाला आजोबांच्या मृत्यूची वाट बघावी लागतेच असंही नाही. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तरी कायदेशीर वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. पोलिसांची भेट वारसालाही चुकत नाही.

राहिला निवडणुकीचा विषय. आचारसंहिता लागली की बंदुका जमा करायचा आदेश येतो. २०१९ आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाल्या, म्हणजे ऐन भाताच्या दिवसात. लोकसभा येते काजू-आंब्यात. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट जमा करण्यावर प्रश्न उभा केला आणि २००९ मध्ये निवडणूक आयोगाने सांगितलं की छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करावा. त्यामुळे पिकाचं कारण देऊन सूट मागणारा लेखी अर्ज करता येतो. तो आचारसंहिता लागल्या लागल्या, पेरापत्रक आणि नुकसानीचा जुना पंचनामा जोडून द्या. सूट नाही मिळाली तर मात्र बंदूक वेळेत जमा करा आणि पावती त्याच फाईलमध्ये लावा.