जेरीकॅनमधली हवा

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत २०१७ पासून जीप कंपास तयार होते. जीप म्हटले, की जुन्या युद्धचित्रांतली, पाठीवर चपटा डबा बांधलेली गाडी आठवते. तो डबा म्हणजे जेरीकॅन. कॅरव्हॅन घेऊन दूर निघणाऱ्याने जादा इंधन न्यायचेच असेल, तर याच डब्यातून न्यावे. त्याची घडण समजून घेतली, की मन थक्क होते.

जर्मनीत १९३७ च्या सुमारास तो गुप्तपणे तयार झाला. त्यानंतर घडलेली हकिकत आपल्या देशाशी जोडलेली आहे. १९३९ मध्ये पॉल प्लाइस हा अमेरिकी अभियंता एका जर्मन सहकाऱ्याबरोबर मोटारीने भारताकडे निघाला. वाटेत पाण्याची सोय हवी, म्हणून सहकाऱ्याने बर्लिनच्या टेंपलहोफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन कॅन उचलून आणले. सहकाऱ्याला मध्येच परत बोलावले गेले. प्लाइस एकटा कलकत्त्याला पोहोचला. म्हणजे जर्मन लष्कराचे हे गुपित पिण्याचे पाणी भरून भारतात येऊन गेले होते! पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या हाती असे कॅन लागले. त्यांचे स्वतःचे पातळ पत्र्याचे डबे वाळवंटात गळत. जर्मनांना ते ‘जेरी’ म्हणत, म्हणून हा जेरीकॅन.

कॅन २० लिटरचा. पत्र्याचे दोन साचेबंद अर्धे भाग जोडलेले, झाकण आट्याचे नव्हे तर खटक्याचे. वर तीन मुठी असल्याने भरलेला कॅन दोघांना मिळून धरता येतो, आणि रिकामे असले तर एक माणूस एका हातात दोन नेतो. पण माझ्या मते खरी करामत आहे ती मुठींखालच्या पोकळीत. ठरलेल्या मापाने भरल्यावरही तिथे हवा उरते, आणि त्या हवेमुळे पेट्रोलने भरलेला कॅन पाण्यावर तरंगतो.

ही हवाच प्रवाशाला राखते. तापमान २५ अंशांनी वाढले, की २० लिटर पेट्रोल सुमारे अर्धा लिटर फुगते. पहाटेच्या गारव्यात काठोकाठ भरलेल्या डब्यात दुपारच्या उन्हात या अर्ध्या लिटरने जायचे कुठे? म्हणून ‘अजून थोडे बसेल’ असा पंपावर आग्रह धरू नये. कॅनच्या अंगावरची फुलीसारखी खोबणसुद्धा पत्र्याला बळकटी देते आणि फुगायला वावही देते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती तळाशी साचते, आणि हवेत जेमतेम दीड टक्का मिसळली तरी पेटू शकते. कॅरव्हॅनमध्ये माणसे झोपतात, शेगडी पेटते. त्यामुळे कॅनची जागा गाडीच्या आत नाहीच. बाहेर, सायलेन्सरपासून दूर, उभा आणि पट्ट्याने आवळलेला असावा. टपावर २० लिटर म्हणजे पंधराएक किलो पेट्रोल आणि वर डब्याचे वजन. वळणावर ते जाणवते. मागे बांधला तर धडकेचा धोका राहतोच. म्हणून कॅन रिकामा न्यावा आणि पंप संपतात तिथेच भरावा. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर त्याची गरज नाही. पण पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारी लाहौलमधल्या टांडीची पाटी लेहला जाऊन आलेल्या कितीतरी मराठी पोरांच्या फोटोंत आहे.

भरताना कॅन जमिनीवर ठेवावा आणि नोझल त्याच्या तोंडाला टेकलेले असावे; नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या कलम ८ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येते, पण घट्ट झाकणाच्या भांड्यात. धातूचे भांडे असेल तर २५ लिटरपर्यंतचे. त्या यादीत काच आहे, चिनी माती आहे. प्लॅस्टिकची पाण्याची बाटली नाही.

पाण्यासाठी कॅन वेगळाच ठेवावा. जर्मन सैन्य पाण्याच्या कॅनवर पांढरी फुली रंगवत असे, म्हणजे अंधारातही तहानलेल्याचा हात पेट्रोलकडे जात नसे.